पाऊस एक, जमिनी अनेक

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, अशी आपली समजूत असते. परंतु तेथेही झाडोरा उगवतो, आणि तो कोठे उगवावा हे जमिनीची ठेवण ठरवते. मोठी मौज अशी की, चिकणमातीवर पडलेले चार थेंब उन्हाने उडून जातात. रेताड जमिनीत मात्र ते खोल मुरून मुळांना मिळतात. हा न्याय पाहावयास मारवाडात जाणे नको. आमची मोर्शी पुरे आहे.

उत्तरेस सातपुडा, पूर्वेस वर्धा नदी. पाऊस वर्षास सुमारे 800 मिलिमीटर. तेराव्या शतकात रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट घेऊन चक्रधरस्वामी सालबर्डीच्या डोंगरात तपास गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या वाटेवर आजही काळे रान मागे पडते, मुरूम लागतो आणि पुढे खडकावर साग-सालई दिसू लागते.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीने तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कपाशीस सोन्याचे मोल आले. तो मान खोल काळ्या जमिनीचा. पायथ्याच्या मुरमाड जमिनीचे भाग्य उजाडले ते संत्र्याने. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की संत्र्याची मुळे कुजतात, खोडास डिंक्या लागतो. मुरमातून पाणी निथळून जाते. शिवाय बहार धरण्यासाठी झाडास ताण द्यावा लागतो. म्हणजे माळी काही दिवस बागेत जाणूनबुजून वाळवंटच आणतो! निचऱ्याच्या जमिनीत ते सहज साधते.

पश्चिमेस पूर्णेच्या खोऱ्यात याच्या उलट. तेथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. खारपाणपट्ट्यातील शेतकरी पाण्यावर उभा राहूनही आभाळाकडे पाहतो.

पण निथळणारी जमीन पाणी साठवीत नाही. बागा वाढल्या, विहिरी आटल्या, विंधनविहिरी शेकडो फूट खाली गेल्या. मोर्शीजवळ सिंभोऱ्यास वर्धेवर मोठे धरण झाले, तरी 2019 च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडील कित्येक बागा उभ्या वाळल्या. ताण माळ्याच्या हातून सुटून निसर्गाच्या हाती गेला होता.

दिवाळी सरता सरता आंबिया बहाराची संत्री घरी येतील. मुलांच्या हाती फोड देताना एवढे सांगावे की, ही गोडी मुरमाची आहे. आणि मुरमाला पाणी परत द्यावे लागते.