शब्दवेध : हैबतराव
सातारा-सांगलीकडील एखाद्या जुन्या फेरफारात ‘सर्जेराव’, ‘हिंदुराव’ यांच्या पंक्तीस ‘हैबतराव’ हे नाव दृष्टीस पडले, की ते मूळचे कोठले, असे कुतूहल सहजच जागृत होते. ‘हैबत’ म्हणजे दरारा, धास्ती. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत उतरला, आणि शस्त्रापूर्वी शस्त्राची कीर्तीच शत्रूस नमविते हे जाणणाऱ्या लष्करी घराण्यांनी त्यास देशी ‘राव’ जोडून तो पाळण्यात घातला. शाहू छत्रपतींच्या काळचे सरलष्कर हैबतराव निंबाळकर हे त्या अर्थास साजेसेच होत. परंतु या नावास खरी लोकमान्यता लाभली ती साताऱ्याजवळील आरफळच्या हैबतबाबांमुळे. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी असलेली सरदारी सोडून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास त्यांनी आजचे शिस्तबद्ध, लष्करी थाटाचे रूप दिले. आता मुलाचे हे नाव ठेवणारा विरळाच. तथापि आळंदीच्या महाद्वारी त्यांच्या पायरीचे पूजन होते, तेव्हा दराऱ्याचा हा शब्द नम्रतेचा वाचक होऊन राहतो.