मेहरूणच्या तळ्याला खत कोण घालते?

मंडळी, जळगावचे मेहरूण म्हटले की आधी बोरे आठवतात, तळे मागाहून. अंबरझऱ्याकडून पावसाचे पाणी या तळ्यात उतरते. पण पाणी कधी एकटे येत नाही. शेतातला नत्र त्यात विरघळून येतो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून, गढूळ लोंढ्याबरोबर येतो. वस्तीचे सांडपाणी तर दोन्ही आणते. पिकाला जे पोसते तेच शेवाळाला पोसते. ते शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू सरतो, नि मासे मरतात.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचे ईरी सरोवर १९६० नंतर असेच हिरवे पडले, तेव्हा दोष कुणाचा यावर मोठा वाद माजला. साबणवाले म्हणत, कर्बाचा. (त्यांच्या धुण्याच्या पुडीत स्फुरद होता, हे वेगळे सांगायला नको!) १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातल्या एका लहान तळ्यात आडवा पडदा ताणला. दोन्ही बाजूंना कर्ब नि नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

तेव्हा गुरुजी, मुलांना तळ्याकाठी नेण्याआधी वरच्या ओढ्यावर न्या. पहिल्या पुराचे पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ बसेल, ती कुणाच्या तरी बांधावरून निघालेली सुपीक माती असेल.