विमानाच्या टाकीतलं खोबरं



आमचं घर हाउन्स्लोला, म्हणजे हीथ्रोची विमानं दिवसभर डोक्यावर. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं एक जंबो जेट प्रवाशांविना ॲमस्टरडॅमला गेलं. चारपैकी एका इंजिनाच्या इंधनात २० टक्के भाग नारळ आणि बाबासूच्या तेलापासून केलेला होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. नारळाचं वाचून गंमत वाटली, बाबासू म्हणजे काय हे बघितलंसुद्धा नाही.

बाबासू हे ब्राझीलचं, माडाच्या कुळातलं झाड. ईशान्येकडच्या मारान्याव राज्यात त्याची रानंच्या रानं आहेत, कुणी न लावता आलेली. जंगल तोडा, जाळा, हे पुन्हा उगवतंच. फळ इतकं टणक की आपला नारळ त्यापुढे अंडं! आतला गर वजनाच्या जेमतेम ७ टक्के, पण त्यात ६० टक्क्यांच्या वर तेल. शिवाय कवचाचा कोळसा, मधल्या थराचं पीठ, झावळ्यांचं छप्पर.

फोडायचं काम बायकांचं. कुऱ्हाडीची धार वर करून ती पायाखाली दाबायची, फळ धारेवर धरायचं आणि वरून दांडका हाणायचा. (आमची आजी विळीवर बसायची तशीच बैठक, फक्त बोटं जास्त धोक्यात.)

भानगड सुरू झाली १९६९ च्या जमीन कायद्यानंतर. सरकारी जमिनी बड्या मालकांकडे गेल्या, गुरांसाठी कुंपणं पडली, आणि पिढ्यानपिढ्या फळं वेचणाऱ्या बायका आपल्याच रानात चोर ठरल्या. कुठे आत सोडलंच तर निम्मा माल मालकाचा. शेवटी १९९० च्या दशकात त्यांनी संघटना बांधली, आणि १९९७ मध्ये लागो दो जुंको या छोट्या नगरपालिकेने कायदाच केला: जमीन कुणाचीही असो, बाबासू वेचायची मोकळीक.

पण पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा हवा झाला आणि अख्खी फळंच जाळली जाऊ लागली. बायकांचा कोळशाला विरोध नव्हता, त्या स्वतःच कवचाचा कोळसा पाडतात. गर आधी हातात येऊ द्या, एवढंच म्हणणं. इंजिनिअरच्या हिशेबात अख्खं फळ भट्टीत घालणं सोपं, हे मला लगेच पटलं आणि जरा लाजही वाटली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिनचं विमान संपूर्ण जैवइंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेलं. ते इंधन मुख्यतः टाकाऊ तेल-चरबीचं होतं, बाबासूचं नव्हे. त्या बायकांच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.