हिशेबाची वही आणि मिशनचे कॉलेज



बारावीचा निकाल लागला की आपल्या लोह्यातील अनेक घरांत चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला वाणिज्य शाखेत घालायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. पण एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजाचे नाव निघाले की बैठक गप्प होते. "तिथे शिकून लेकरू आपले राहील का?" असे कोणी उघड विचारतो, कोणी मनात ठेवतो. ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून तिचे उत्तर आपण इतिहासालाच विचारू या.

प्रथम मोंढ्यातील आडत दुकानात चला. मुनीमजींच्या तोंडी कोणते शब्द आहेत? जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नफा. हे सारे मूळचे अरबी शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. खुद्द 'हिशेब' हा शब्दही अरबीच. पेशवाईतील 'फडणीस' हे पद फार्सी 'फर्दनवीस' या शब्दावरून आले आणि नाना फडणीसांच्या नावात कायमचे बसले. त्या शब्दांमुळे कोणाचा धर्म बदलला नाही. राज्याचा हिशेब मात्र नीट राहिला.

आता कॉलेजात शिकवली जाणारी अकाउंटन्सी पाहा. तिचा पाया म्हणजे दुहेरी नोंद. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा पडतो. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी चूक आहे हे वहीच सांगते. इटलीतील व्यापारी ही पद्धत वापरीत होते. तिचे छापील विवेचन 1494 साली व्हेनिस येथे लुका पाचोली या ख्रिस्ती साधूने आपल्या गणिताच्या ग्रंथात केले. पण त्याच्या वहीतील अंक कोठले? ते भारतात जन्मले. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे पिसा शहराच्या लिओनार्दोने उत्तर आफ्रिकेत हे अंक शिकून 1202 साली आपल्या ग्रंथातून युरोपला त्यांची ओळख करून दिली. हिंदूंचे अंक, मुसलमानांचे गणित आणि ख्रिस्ती साधूचे पुस्तक, अशा तीन हातांतून ही विद्या आपल्यापर्यंत आली आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही शिकवण तर कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, आहे. मग ही विद्या परकी कशी?

आपला मराठवाडा या शिक्षणाला उशिरा पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. मुंबईत सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय 1913 साली निघाले. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. नांदेडला पीपल्स कॉलेज 1950 साली आणि औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. रफिक झकेरिया यांच्या प्रयत्नाने मौलाना आझाद कॉलेज 1963 साली सुरू झाले. शेजारच्या अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 सालीच अहमदनगर कॉलेज स्थापन केले होते. या ख्रिस्ती परंपरेच्या कॉलेजात कला आणि विज्ञानाबरोबर वाणिज्यही शिकवले जाते.

आता धर्माची काळजी. भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदानुसार, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हा आपला हक्क आहे. तो माहीत असलेला पालक निर्धास्त राहतो. रामेश्वरमच्या मशिदीतील इमामांचे चिरंजीव ए. पी. जे. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ या जेझुइट पाद्र्यांच्या कॉलेजात शिकले, 1954 साली पदवीधर झाले आणि 2002 साली राष्ट्रपती झाले. त्यांना तिथे विद्या मिळाली आणि त्यांचे घरचे संस्कारही टिकले.

तेव्हा पालकांनो, कॉलेज निवडताना संस्थेचा धर्म विचारण्याआधी काही साधे प्रश्न विचारा. शिक्षक नियमित तास घेतात काय? वसतिगृह आहे काय, विशेषतः मुलींसाठी? फी किती आणि शिष्यवृत्ती कोणती? नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अकाउंटन्सी हा मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेता येतो काय? आणि पुढची वाटही पाहून ठेवा. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण असतील तर सी. ए. ची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटसाठी नोंदणी करता येते. तिथे उमेदवार कोणत्या संस्थेच्या कॉलेजातून आला हे कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावरही एक जबाबदारी आहे. घरापासून दूर गेल्यावर नमाज, वर्तन आणि अभ्यास यांचा रोजचा हिशेब तुम्हालाच ठेवायचा आहे. तो कोणतेही कॉलेज ठेवणार नाही. तो चोख ठेवलात, तर बैठकीत गप्प बसलेले तुमचे वडीलच उद्या शेजारच्या मुलीसाठी त्या कॉलेजाचे नाव सुचवतील.