कळफलकाचें मोल

संगणकापुढें ठेवावयाच्या कळफलकाला वीस-पंचवीस हजार रुपये पडतात असें कोणी सांगितलें, तर आपणांस ती थट्टा वाटेल. जी वस्तु चारपांचशें रुपयांत मिळते तिच्यासाठीं एवढें द्रव्य कोण मोजील? परंतु मोजणारे आहेत; आगाऊ पैसे भरून महिनोन् महिने वाट पाहणारेहि आहेत. स्वस्त कळफलकांत बहुधा सर्व कळांखालीं रबराची एकच चादर असते. उंची कळफलकांपैकीं बहुतेकांत प्रत्येक कळेला निराळा खटका व निराळी स्प्रिंग. तथापि सगळी किंमत खटक्यांची नव्हे. असे कळफलक पुष्कळदां थोडकीं गिऱ्हाइकें जमवून तेवढेच घडवितात, आणि सांचे पाडण्याचा सारा खर्च त्या थोडक्यांवर पडतो.

हा अनुभव आम्हां मराठी लिहिणारांना नवा नाहीं.

शोल्स यांचें टंकलेखन-यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं अमेरिकेंत विकावयास काढलें, तेव्हां त्याची किंमत १२५ डॉलर होती, आणि त्यांतून इंग्रजीचीं नुसतीं मोठीं अक्षरें उमटत. इंग्रजीचें तेवढ्यावर भागलें. पुढें कचेऱ्यांतील यंत्राला ४४ ते ४६ कळा आल्या, म्हणजे फार तर ९२ चिन्हें. देवनागरीचे स्वर, व्यंजनें, अर्धीं अक्षरें, काना-मात्रा आणि जोडाक्षरें त्यांत मावावीं कशीं? कारागिरांनीं युक्ति काढली. ण, ष, भ हीं अक्षरें अर्धीं कोरावीं व काना मारून पुरीं करावीं. मात्रा-उकारांच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढें सरकूं नये. शिवाय हिंदीसाठीं रचलेला कळफलक मराठीला जसाच्या तसा चालत नाहीं. हिंदी लेखनाला ळ लागत नाहीं. आमच्या शाळा, फळा, वेळ यांचें त्यावांचून चालावें कसें? आधींच थोडीं असलेलीं गिऱ्हाइकें अशीं आणखी विभागलीं गेलीं.

यंत्रांत लिपि मावेना, तेव्हां लिपीलाच कात्री लावण्याचे विचार निघाले. इ, ई, उ, ऊ हीं अक्षरें सोडून अ-लाच वेलांट्या व उकार जोडावे असा आग्रह सावरकरांनीं धरिला, त्यामागें मुद्रणाची व टंकलेखनाची सोय हें मोठें कारण होतें. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली. कांहीं वर्षांतच ती परत आणावी लागली.

मुंबईच्या गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं देशी बनावटीचें टंकलेखन-यंत्र पुढें आणिलें. पुढें १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, आणि मराठी यंत्राला सरकारसारखें मोठें गिऱ्हाईक लाभलें. मराठी टंकलेखनावर कोणाहि कारागिरापेक्षां या कायद्याचे उपकार अधिक आहेत, असें माझें मत आहे. पुण्याच्या पेठांतून टंकलेखनाचे वर्ग चालूं लागले; मिनिटाला तीस व चाळीस शब्दांच्या सरकारी परीक्षेनें कित्येक घरांत पहिला नियमित पगार आणिला.

पण यंत्र कचेरींतच राहिलें. आमच्या शाळेंत इंग्रजी यंत्र होतें, मराठी नव्हतें. इतिहासाच्या प्रश्नपत्रिका मीं वर्षानुवर्षें लोखंडी टोंकाच्या लेखणीनें स्टेन्सिलवर लिहिल्या. एका सहामाहींत माझा ९ मुलांना १ दिसला, आणि १६८९ तील संभाजीमहाराजांच्या वधाऐवजीं अर्ध्या वर्गानें १६८१ मधील राज्याभिषेक लिहिला. गुण कापावयास हात उचलेना.

१९८६ सालीं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें भारतीय लिपींसाठीं ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी ठरविली. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक संस्था निघाली व कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें भारतीय लिपींचें काम येथें आलें. आतां अर्ध्या अक्षराला निराळी कळ नको; हलन्ताची एक कळ दाबली कीं जोडाक्षर संगणक जुळवितो. ल आणि ळ एकाच कळेवर बसले. गोदरेजनें २००९ सालीं टंकलेखन-यंत्रें बनविणें थांबविलें, तोंवर त्यांची गरज सरत आली होती.

मांडणी आज बहुतेक संगणकांत फुकट मिळते. मात्र चांगल्या खटक्यांचा, देवनागरी अक्षरें कोरलेला कळफलक मीं मागितला, तेव्हां दुकानदारानें इंग्रजी कळफलक पुढें केला आणि वर चिकटवावयाच्या अक्षरांचा एक कागद दिला. दोन महिन्यांत सर्वांत आधीं निघाली ती ल-ळ ची चकती. तिच्याखालचा एन आतां स्पष्ट दिसतो.