कल्याण बंदर, आयसिस देवता आणि आपल्या घरची वेदी

डोंबिवलीतील एका ख्रिस्ती कुटुंबाने काही दिवसांपूर्वी नवी सदनिका घेतली. धर्मगुरूंच्या हस्ते घराला आशीर्वाद देण्याचा विधी झाला. दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी फळी बसवून तिच्यावर क्रूस, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया मातेची मूर्ती ठेवण्यात आली. आपल्या जुन्या घरांत जिला ‘आल्तार’ म्हणत, तीच ही घरची वेदी. जपमाळ आटोपल्यावर महाविद्यालयात शिकणारी घरातील मुलगी सहज म्हणाली, “आजी, मी वाचलंय, ही मूर्ती मुळात इजिप्तच्या आयसिस देवीची आहे. आपण फक्त नाव बदललं.” आजीबाईंच्या हातातील माळ थांबली. कोणी हसले, कोणी मुलीला दटावले. उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

दटावून गप्प बसविणे हे श्रद्धेच्या बळाचे लक्षण नव्हे. शिवाय मुलीचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता. त्याचा इतिहास आपल्या ठाणे-कल्याणच्या परिसरालाही स्पर्श करून जातो. म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू.

प्राचीन इजिप्तमध्ये आयसिसचे नाव सिंहासनाच्या चिन्हाने लिहीत. तिचा पती ओसायरिस मारला गेला. तिने आपल्या बाळाला, होरसला, नाईलच्या दलदलीतील लव्हाळ्यात लपवून वाढविले आणि विंचू-सर्पांच्या विषापासून वाचविले, अशी तिची कथा. त्यामुळे ती आयांची देवता झाली. मगरींवर उभ्या असलेल्या बाल-होरसच्या लहान शिळा तयार करीत, त्यांवर पाणी ओतीत आणि ते पाणी दंश झालेल्या माणसाला पाजीत.

इजिप्तची भव्य मंदिरे आपण चित्रांत पाहतो. पण त्यांच्या गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. त्याचा धर्म घरातच होता. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या देर एल-मदीना या गावाचे उत्खनन फ्रेंच संशोधक बर्नार्ड ब्रुयेर यांनी १९२२ पासून केले. तेथील साठ-सत्तर घरांपैकी अनेकांच्या पुढच्या खोलीत विटांचा उंच ओटा आढळला. त्यावर चढायला पायऱ्या होत्या आणि काही ओट्यांवर बाळ-बाळंतिणीचे रक्षण करणाऱ्या बेस या देवाची चित्रे होती. आतल्या खोलीच्या भिंतींत कोनाडे होते. त्यांत देवतांच्या लहान शिळा आणि पूर्वजांचे अर्धपुतळे ठेवीत. पुढे रोमन काळात फायूम प्रांतातील करानिस गावी हाच प्रकार दिसतो. मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात खणलेल्या तेथील घरांत कोनाडे, मातीचे दिवे आणि मातीच्या मूर्ती मिळाल्या. एका घराच्या भिंतीवर तर बाळाला स्तनपान देणाऱ्या आयसिसचे रंगीत चित्रच आढळले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तमधील एका उत्सवाचे वर्णन केले आहे. त्या रात्री देशभर घरोघरी, घराभोवती उघड्यावर, मीठ आणि तेल घातलेल्या पणत्या रात्रभर तेवत ठेवीत.

म्हणजे घरची वेदी मांडायला फारसे काही लागत नसे. भिंतीतील कोनाडा, मातीची मूर्ती, तेलाचा दिवा, थोडे पाणी आणि अन्न एवढेच. तिच्यासमोर मागणे मांडणारी बहुधा आईच असे आणि मागणेही बहुधा लेकराच्या जिवाचे असे.

आता या कथेत आपले कल्याण कसे येते ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. हा ग्रंथ ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखला जातो. त्यात सोपाऱ्यापाठोपाठ ‘कल्लिएना’ हे नाव येते. पूर्वी हे अधिकृत व्यापारी बंदर होते. नंतर सत्ता बदलली आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. या समुद्रमार्गावरील नाविकांची एक संरक्षक देवता आयसिसच होती. दरवर्षी ५ मार्चला तिच्या नावाने नौका समुद्रात सोडून नौकानयनाचा आरंभ साजरा करीत.

तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे या व्यापाराचे एक प्रमुख बंदर. तेथील आयसिसच्या मंदिराच्या अंगणात २०२२ साली गौतम बुद्धांची सुमारे ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती मिळाली. त्याच मोहिमेत तिसऱ्या शतकातील एक संस्कृत लेख आणि सातवाहनांच्या राज्यातील दोन नाणीही सापडली. सातवाहन म्हणजे एकेकाळी आपल्या कल्याणवर ज्यांची सत्ता होती तेच. परमुलखात गेलेल्या आपल्याकडच्या माणसांनी आपली श्रद्धा सोबत नेली होती आणि आयसिसच्या अंगणात तिला जागा मिळाली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

आयसिसच्या भक्तांची एक रीत येथे ध्यानात घ्यायला हवी. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे दुसऱ्या शतकातील एक पपायरस मिळाला. त्यात निरनिराळ्या गावांत आणि देशांत आयसिसला कोणत्या नावाने ओळखतात याची लांबलचक यादी आहे. तिच्यात हिंदुस्थानही आहे. येथे तिचे नाव ‘माया’ असल्याचे म्हटले आहे. जगातील प्रत्येक देवी म्हणजे आयसिसच, अशी त्या भक्तांची धारणा होती. डोंबिवलीच्या मुलीने वाचलेले वाक्य वाटते तितके नवे नाही. आयसिसच्या पुजाऱ्यांनी ते सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी आनंदाने मान्य केले असते.

ख्रिस्तसभेने मात्र ते मान्य केले नाही. मरियेला ‘देवमाता’ म्हणणे योग्य आहे, असा निर्णय ४३१ साली एफेससच्या परिषदेत झाला. पण त्या शब्दाचा रोख मरियेला देवी करण्याकडे नव्हता. तिच्या उदरी जन्मलेला येशू खरा देव आहे, हे सांगण्याकडे होता. त्याआधी, चौथ्या शतकातच, सायप्रसमधील सलामिसचे बिशप संत एपिफानियस यांनी एका पंथाविषयी लिहून ठेवले आहे. या पंथातील स्त्रिया आसन सजवीत, त्यावर वस्त्र अंथरीत, भाकरी मांडीत आणि ती मरियेच्या नावाने अर्पण करीत. दिसायला ती साधीसुधी वेदीच होती. बिशपांनी तिचा कडक निषेध केला. मरियेचा सन्मान व्हावा, आराधना मात्र एका परमेश्वराचीच व्हावी, हे त्यांचे सांगणे. हाच भेद पुढे ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने पवित्र प्रतिमांच्या बाबतीत स्पष्ट केला.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात असेच एक चित्र आहे. मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवितात आणि बायका ‘आकाशाच्या राणी’साठी पोळ्या करण्यास कणीक मळतात. सारे कुटुंब घरच्या उपासनेत गुंतले आहे आणि संदेष्ट्याला त्याचेच दुःख आहे. घरातील भक्ती एकोप्याची आणि मनापासूनची असली म्हणजे आपोआप योग्य ठरते असे नाही. ती कोणाची आहे, हा प्रश्न उरतोच.

मग मूर्तीतील साम्याचे काय? बाळाला पाजणारी आयसिस आणि बाळाला पाजणारी मरिया यांची चित्रे इजिप्तमध्येच सापडतात, हे खरे. पण तेथील मरियेची जी चित्रे टिकून राहिली आहेत, ती प्रामुख्याने सहाव्या-सातव्या शतकांतील मठांत, सक्कारासारख्या ठिकाणी संन्याशांच्या खोल्यांत आहेत. म्हणून दोहोंत सरळ वारसा आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय आई आणि मूल हे चित्र कोण्या एका धर्माची मिरास नव्हे. चित्रकाराने जुनी मांडणी उचलली असेल, तर त्यात संकोच वाटण्याचेही कारण नाही. आपणही पूजेतील समई आणि आरती उपासनेत स्वीकारली. त्यामुळे आपण कोणाची उपासना करतो ते बदलले नाही.

आयसिसच्या उपासनेचा शेवटही बोधक आहे. नाईलमधील फिली बेटावरील तिच्या मंदिरात २४ ऑगस्ट ३९४ रोजी ज्ञात असलेला शेवटचा चित्रलिपी लेख कोरला गेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ते मंदिर बंद झाले आणि त्यात संत स्तेफनाचे चर्च उभे राहिले. देशातील बहुतेक घरांच्या कोनाड्यांतून आयसिस तोवर निघून गेली होती. शेवटचे मंदिर नंतर बंद झाले. घरे आधीच बदलली होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या ठाण्याचे आहे. सहाव्या शतकात कॉस्मास या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. हे आपले कल्याण की दक्षिणेकडील दुसरे गाव, यावर वाद आहे. पण १३२१ साली ठाण्यात आलेल्या चार फ्रान्सिस्कन बंधूंविषयी शंका नाही. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री यांनी येथे रक्त सांडले. ते उतरले होते एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. त्यानंतर काही वर्षांतच ठाण्याला आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने येथील नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची मोजदाद दिली आहे: पंधरा घरे. त्याने घरे मोजली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज कल्याणला पूर्वेकडील सिरियाक परंपरेचा सिरो-मलबार महाधर्मप्रांत आहे. तो १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झाला. त्याच परंपरेतील माणसे सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात चुली पेटवून राहत होती.

पुढे १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली वसई पडली आणि पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. उरलेल्या मोजक्या स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने आपल्या पूर्वजांनी श्रद्धा टिकविली. मिस्सा दुर्मीळ झाली, तेथे संध्याकाळची जपमाळ कुटुंबाला एकत्र आणीत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले. आपल्या आजी-पणजींनी तो शब्द न ऐकताच ती चालविली होती.

तेव्हा त्या मुलीला असे सांगता येईल: बाळे, कोनाडा, दिवा आणि लेकरासाठी पसरलेला आईचा पदर हे आपल्याला इजिप्तच्याच नव्हे, साऱ्या मानवजातीच्या आयांकडून आले आहे आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण फळीवर कोण आहे आणि तिथे आपण काय म्हणतो, हे आपोआप आलेले नाही. ते प्रत्येक पिढीने समजून निवडलेले आहे. मरियेच्या कडेवर बाळ आहे, आणि आराधना त्या बाळाची आहे.

आणि आजीबाईंना सांगावे, की नातीने प्रश्न वेदीसमोरच विचारला, याचे वाईट वाटून घेऊ नये. जिथे प्रश्नही विचारला जात नाही, त्या घरात फळी उरते आणि हळूहळू तिच्यावर टीव्हीचा रिमोट आणि विजेची बिले जमू लागतात. डोंबिवलीतील किती सदनिकांत हे घडते आहे, ते प्रत्येकाने आपापल्या भिंतीकडे पाहून ठरवावे. उद्या एखादा ओडोरिक आला, तर तो चर्चच्या इमारतीबरोबर घरेही मोजील.