गोवाप्रश्न व भारताचे शांतताधोरण

सीमेपलीकडील जनतेच्या लोकशाही हक्कांना पाठिंबा देणे आणि प्रदेशातील शांतता टिकविणे, या दोन उद्दिष्टांत १९४७ ते १९६१ या काळात गोव्यासंबंधी निर्माण झालेला पेच. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तरी गोवा, दमण व दीव पोर्तुगीजांकडेच राहिले. विसाव्या शतकात सालाझारच्या हुकूमशाहीने तेथील सभा, भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्यावर कडक निर्बंध घातले. १८ जून १९४६ रोजी राम मनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली. ती चळवळ प्रथमतः नागरी हक्कांसाठी होती.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना गोव्याचे विलीनीकरण हवे होते. तथापि वाटाघाटींचा आग्रह जगापुढे धरणाऱ्या देशाने बळाचा वापर करणे त्यांना विसंगत वाटे. शिवाय पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरविल्याने वाटाघाटींस वाव उरला नाही. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीच्या वतीने मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे व सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची पहिली तुकडी नेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताने सत्याग्रहींच्या प्रवेशास मनाई करून आर्थिक नाकेबंदी कठोर केली. तिचा जाच मुंबईत नोकरीस असलेल्या गोमंतकीयांच्या कुटुंबांना झाला, तर राजवटीला लोहखनिजाच्या निर्यातीचा आधार मिळाला. युद्ध टळले, परंतु दडपशाही आणखी सहा वर्षे चालू राहिली.

महासत्तांपुढेही हाच पेच होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यासमवेत काढलेल्या निवेदनात गोव्याचा ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हणून निर्देश झाला. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मात्र गोव्याची गणना अस्वशासित प्रदेशांत केली. अखेर १८-१९ डिसेंबर १९६१ रोजी लष्करी कारवाईने गोवा मुक्त झाला. सुरक्षा समितीतील युद्धबंदीचा ठराव सोव्हिएट रशियाने नकाराधिकार वापरून रोखला.

बळाने मिळालेल्या मुक्तीला लोकमताचे अधिष्ठान पुढे लाभले. डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व १९७४ मध्ये, स्वतःच्या देशातील हुकूमशाही कोसळल्यानंतरच मान्य केले.